पर्जन्यमापक ते संगणक : क्रमवार संदेशवहनाचा परिचय

पालघर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस, समुद्राच्या काठी वसलेले शिरगाव हे गाव तेथील जुन्या किल्ल्यामुळे अनेकांना परिचित आहे. आषाढात या किनाऱ्यावर पाऊस कोसळू लागला म्हणजे खाचरांचे बांध फुटतात, नुकतीच लावलेली भाताची रोपे वाहून जातात, आणि मग तलाठी कार्यालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत एकच प्रश्न विचारला जातो : काल पाऊस किती झाला? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला, तर तेथे अतिवृष्टी झाली असे धरले जाते. त्यानंतर पंचनामे होतात, आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक आढळल्यास शेतकरी मदतीस पात्र ठरू शकतो. डहाणू परिसरातील चिकू बागायतदारांची स्थितीही अशीच आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत पाऊस व आर्द्रता यांचे आकडेच निर्णायक ठरतात.

पूर्वी हा आकडा माणूस वाचीत असे. पर्जन्यमापकात साठलेले पाणी काचेच्या मापात ओतून त्याची नोंद वहीत होई. आज ही पद्धत नाहीशी झालेली नसली, तरी तिच्या जोडीला यंत्रे आली आहेत. राज्य शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पास २०१७ साली आरंभ झाला आणि त्यातून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. या केंद्रांत मापक यंत्र आकडा मोजते, दुसरे यंत्र तो नोंदवून ठेवते आणि तिसरे तो दूरच्या संगणकाकडे धाडते. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे आकडा जाण्याचा हा दुवा बहुधा दोन-तीन बारीक तारांचा असतो. त्या तारांवरून माहिती ज्या रीतीने जाते, तिला क्रमवार संदेशवहन किंवा सिरियल संदेशवहन असे म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील दोन-चारशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड संगणकाशी बोलतो तो याच रीतीने, आणि औद्योगिक वसाहतीतील मोठमोठी मापके नियंत्रण कक्षाशी बोलतात तीही बव्हंशी याच रीतीने. म्हणूनच अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना या विषयाची तोंडओळख असणे उपयुक्त ठरेल.

तारयंत्राचा वारसा

या पद्धतीचे नाव नवे वाटले, तरी तिचे मूळ जुने आहे. आपल्या देशात १८५० साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान प्रायोगिक तारमार्ग घालण्यात आला, तेव्हापासून एका तारेवरून एकामागून एक खुणा पाठवून संपूर्ण मजकूर पोहोचविण्याची कला येथे रुजली. तार मास्तर ‘कट्ट-कडकट्ट’ करीत पाठवी ते क्रमवार संदेशवहनच होय. खुणा एका वेळी एकच जाई, परंतु पलीकडच्या माणसास क्रम ठाऊक असल्याने अक्षरे जुळत आणि अक्षरांतून शब्द होत.

फ्रेंच तार अभियंता एमिल बोदो याने १८७४ साली प्रत्येक अक्षरासाठी पाच समान खुणांची संकेतावली सिद्ध केली. त्याच्याच नावावरून संदेशवहनाच्या वेगाच्या एककास आज ‘बॉड’ असे म्हणतात. पुढे विसाव्या शतकात दूरमुद्रक, म्हणजेच टेलिप्रिंटर, आले. त्यांनी प्रत्येक अक्षराच्या आरंभी ‘सावध व्हा’ अशी एक खूण आणि शेवटी ‘अक्षर संपले’ अशी दुसरी खूण जोडण्याची प्रथा रूढ केली. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत खडखडणारी ही यंत्रे आता दिसत नाहीत, आणि भारतातील तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु आरंभखूण आणि अंतखूण यांची ती प्रथा आज शाळकरी मुलाच्या हातातील बोर्डात जशीच्या तशी जिवंत आहे.

बांधावरची वाट

संगणकातील सर्व माहिती शून्य आणि एक या दोन खुणांतच मांडलेली असते. अशा एका खुणेस ‘बिट’ आणि आठ बिटांच्या समूहास ‘बाइट’ म्हणतात. आठ बिट एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यावयाचे असतील, तर दोन मार्ग संभवतात. आठ तारा टाकून आठही बिट एकाच क्षणी पाठविणे हा पहिला मार्ग होय. यास समांतर पद्धती म्हणतात. एकाच तारेवरून आठ बिट एकामागून एक पाठविणे हा दुसरा मार्ग म्हणजे क्रमवार पद्धती.

रुंद सडकेवरून आठ माणसे हातात हात घालून चालू शकतात, परंतु भातखाचराच्या बांधावरून त्यांना एकामागून एकच जावे लागते. प्रथमदर्शनी सडकच सोयीची वाटते. पण दर दोन गावांमध्ये आठ पदरी सडक बांधणे परवडत नाही. शिवाय लांबच्या चालीत आठही जण नेमके एकाच क्षणी पोहोचतील याची खात्री राहत नाही, कोणी पुढे जातो तर कोणी मागे रेंगाळतो. बांधावरच्या वाटेस जागा थोडी लागते आणि क्रम मोडण्याची भीती नसते. याच कारणांमुळे पूर्वी छपाईयंत्रांसाठी वापरली जाणारी समांतर जोडणी मागे पडली आणि यंत्रांमधील बहुतेक संवाद क्रमवार पद्धतीने होऊ लागला.

एका अंकाचा प्रवास

एखादा अंक तारेवरून कसा जातो, ते प्रत्यक्ष पाहू. समजा, बोर्डाला संगणकाकडे ‘७’ हा अंक पाठवावयाचा आहे. रोमन अक्षरे, इंग्रजी अंक व चिन्हे यांना क्रमांक देणारी ‘आस्की’ नावाची एक सारणी १९६३ सालापासून प्रचारात आहे. तीत ७ या अंकचिन्हास ५५ हा क्रमांक आहे. द्विमान पद्धतीत ५५ ही संख्या ००११०१११ अशी लिहितात.

तार रिकामी असते तेव्हा तिच्यावर सतत ‘एक’ ही पातळी राखलेली असते. पाठविणारे यंत्र प्रथम तार ‘शून्य’ पातळीवर आणते, हा आरंभबिट होय. तो पाहताच घेणारे यंत्र आपले घड्याळ चालू करते. त्यानंतर संख्येचे आठ बिट उजवीकडून डावीकडे, म्हणजे लहान मूल्याचा बिट आधी, या क्रमाने जातात : १, १, १, ०, १, १, ०, ०. शेवटी तार पुन्हा ‘एक’ पातळीवर येते, हा अंतबिट. अशा रीतीने आठ बिटांच्या मजकुरासाठी तारेवरून एकूण दहा बिट जातात.

शाळांतील प्रयोगांत पुष्कळदा ९,६०० बॉड हा वेग वापरला जातो. या वेगाने एका सेकंदात ९,६०० बिट जातात, म्हणजे एका बिटास सुमारे १०४ मायक्रोसेकंद लागतात. दहा बिटांचे एक अक्षर धरल्यास सेकंदाला ९६० अक्षरे पोहोचतात. पावसाचा, तापमानाचा किंवा टाकीतील पाण्याचा आकडा काही मिनिटांनी एकदा पाठवावयाचा असल्यास हा वेग पुरून उरतो.

आधी करार, मग संवाद

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्ही यंत्रांची घड्याळे स्वतंत्र असतात, वेळ सांगणारी वेगळी तार त्यांच्यामध्ये नसते. घेणारे यंत्र आरंभबिट पाहते आणि ठरलेल्या अंतराने प्रत्येक बिटाच्या मध्यावर तार तपासते. अर्थात दोघांचा वेग आधी ठरलेला नसेल, तर हा सारा व्यवहार कोलमडतो. पाठविणारा ९,६०० बॉडने बोलत आहे आणि ऐकणारा ४,८०० बॉडने ऐकत आहे असे झाल्यास, ऐकणाऱ्यास दोन बिट एकासारखे दिसतात आणि पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांगोळी उमटते. तार शाबूत असते, बोर्ड उत्तम असतो, आकडाही बरोबर असतो. चुकलेला असतो तो केवळ करार.

घड्याळांत किती फरक चालू शकेल, याचे गणित सोपे आहे. दहावा बिट तपासण्याची वेळ येईपर्यंत आरंभापासून साडेनऊ बिटांचा काळ गेलेला असतो, आणि तोवर अर्ध्या बिटाहून अधिक चूक साठता कामा नये. अर्धा भागिले साडेनऊ म्हणजे सुमारे पाच टक्के. ही दोन्ही घड्याळांच्या फरकाची मिळून मर्यादा झाली. म्हणून व्यवहारात प्रत्येक यंत्राने दोन टक्क्यांच्या आत राहावे असे मानतात.

या करारात वेगाखेरीज आणखी तीन कलमे असतात : मजकुराचे बिट किती, समताबिट आहे की नाही, आणि अंतबिट किती. समताबिट ही एक प्राथमिक पडताळणी होय. मजकुरातील ‘एक’ या खुणांची संख्या सम व्हावी अशा बेताने तो जोडतात. वरील उदाहरणात पाच वेळा ‘एक’ आले आहे, म्हणून समताबिटही ‘एक’ ठेवला की बेरीज सहा होते. वाटेत एखादा बिट उलटला तर ही बेरीज विषम होऊन चूक उघड होते. मात्र दोन बिट एकदम उलटले तर समताबिट फसतो, हेही ध्यानात ठेवावे.

करारास तारांची जोडणीही पूरक हवी. एका यंत्राचे बोलण्याचे टोक दुसऱ्याच्या ऐकण्याच्या टोकास जोडावे लागते. बोलण्याचे टोक बोलण्याच्या टोकास जोडले तर दोघेही बोलतील आणि कोणीच ऐकणार नाही. तिसरी तार भूतारेची. विद्युत्दाब हा नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजला जातो. दोन्ही यंत्रांचे ‘शून्य’ एका तारेने जोडले नाही, तर एकाचे ‘एक’ दुसऱ्यास काय दिसेल याचा भरवसा नाही. नवशिक्यांकडून सर्वाधिक वेळा विसरली जाणारी तार हीच होय.

तारापूरचे वर्ष आणि एक प्रमाणक

शिरगावच्या उत्तरेस असलेल्या तारापूर येथील अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांतून ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. योगायोगाने त्याच १९६९ साली अमेरिकेत ‘आर.एस.–२३२’ या संदेशवहन प्रमाणकाची ‘सी’ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुढची अनेक दशके संगणकाच्या पाठीमागे असलेला नऊ खिळ्यांचा जोड हा याच प्रमाणकाचा असे.

या प्रमाणकात ‘एक’ दर्शविण्यासाठी उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘शून्य’ दर्शविण्यासाठी अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट असा दाब ठरविला आहे. आजचे मायक्रोकंट्रोलर बोर्ड मात्र ५ किंवा ३.३ व्होल्टवर चालतात, आणि त्यांत ‘एक’ म्हणजे दाब आहे व ‘शून्य’ म्हणजे दाब नाही, असा संकेत आहे. त्यामुळे जुन्या संगणकाची किंवा कारखान्यातील मापकाची तार थेट बोर्डास जोडल्यास बोर्ड निकामी होण्याचा संभव असतो. दोहोंमध्ये दाब बदलून देणारी छोटी चिप बसवावीच लागते. शिक्षकांनी हा नियम विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतला, तर पुष्कळ नुकसान टळेल.

कपाटात पडून राहिलेले बोर्ड

नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानाचा आरंभ २०१६ साली झाला. या अभियानातून निवडलेल्या शाळांना ‘अटल टिंकरिंग लॅब’साठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद करण्यात आली, आणि सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती इलेक्ट्रॉनिक साहित्य आले. त्यात इटलीत २००५ साली जन्मलेल्या ‘आर्डुइनो’ जातीचे बोर्ड प्रामुख्याने असतात. साहित्य आले, परंतु कित्येकदा पहिल्याच दिवशी ‘संगणकास बोर्ड दिसत नाही’ असा अनुभव येतो आणि साहित्य पुन्हा कपाटात जाते. बोर्ड बिघडला, असा समज होतो. वस्तुतः बहुतेक वेळा दोष दुव्यात असतो.

आजच्या संगणकास नऊ खिळ्यांचा जोड नसतो. त्याची जागा १९९६ साली आलेल्या यू.एस.बी. जोडणीने घेतली आहे. ही जोडणीही क्रमवारच, पण तिचे नियम निराळे आणि अधिक गुंतागुंतीचे. म्हणून बोर्डावर एक दुभाषी चिप बसविलेली असते. ती संगणकाशी यू.एस.बी.च्या भाषेत आणि मायक्रोकंट्रोलरशी जुन्या आरंभबिट-अंतबिटांच्या भाषेत बोलते. या दुभाष्यास ओळखणारी लहानशी आज्ञावली, जिला ड्रायव्हर म्हणतात, संगणकात नसेल तर बोर्ड दिसत नाही. स्वस्त बोर्डांवर निराळी दुभाषी चिप असते, तिचा ड्रायव्हर स्वतंत्रपणे बसवावा लागतो.

यासाठी तपासणीचा एक क्रम सांगता येईल. पहिल्याने केबल पाहावी. मोबाइल संच भारित करण्याच्या काही केबलींत केवळ विजेच्या दोन तारा असतात, माहितीच्या तारा नसतातच. अशा केबलीने बोर्डावरील दिवा लागतो, पण संवाद होत नाही. दुसऱ्याने ड्रायव्हर पाहावा. तिसऱ्याने संगणकाने बोर्डास दिलेला पोर्ट क्रमांकच आपण निवडला आहे ना, हे पाहावे. चौथ्याने तो पोर्ट दुसऱ्या एखाद्या खिडकीने अडवून ठेवलेला नाही ना, हे पाहावे, कारण एका वेळी एकच आज्ञावली त्याचा वापर करू शकते. पाचव्याने दोन्हीकडचा बॉड वेग जुळवावा. सुट्या दुभाषी तुकड्याची परीक्षा तर याहूनही सोपी आहे. त्याचे बोलण्याचे व ऐकण्याचे टोक एकमेकांस जोडून संगणकावरून एखादे अक्षर पाठवावे. तेच अक्षर परत आले तर केबल, ड्रायव्हर आणि दुभाषी हे तिन्ही निर्दोष आहेत असे समजावे.

मराठी मजकुराच्या बाबतीत एक भर घालावी लागेल. आस्की सारणीत देवनागरीस स्थान नाही. आज देवनागरी मजकूर यू.टी.एफ.–८ या संकेतपद्धतीने पाठवितात आणि तीत देवनागरीच्या प्रत्येक घटकास तीन बाइट लागतात. ‘शिरगाव’ या शब्दात श, इकार, र, ग, काना आणि व असे सहा घटक आहेत. अर्थात हा एक शब्द पाठविण्यास अठरा बाइट खर्ची पडतात. दोन्ही बाजूंनी हीच संकेतपद्धती मानली नसेल, तर बॉड वेग जुळूनही गावाचे नाव विचित्र चिन्हांत उमटते. म्हणून तारेवरून केवळ आकडे पाठवावेत आणि मराठी नावे संगणकाच्या बाजूस जोडावीत, ही रीत सोयीची ठरते.

कारखान्यातील लांब तारा

शाळेच्या टेबलावर तार हातभर असते. कारखान्यात ती शेकडो मीटर असू शकते आणि तिच्या शेजारून मोठ्या मोटारींच्या तारा जात असतात. त्यांच्या विद्युत् गोंगाटात एका तारेवरचा क्षीण संदेश बुडून जातो. यावरचा उपाय १९८३ साली आलेल्या ‘आर.एस.–४८५’ या प्रमाणकाने दिला. त्यात एकच संदेश एकमेकींना पिळलेल्या दोन तारांवरून परस्परविरुद्ध रूपात जातो आणि घेणारे यंत्र केवळ दोहोंतील फरक पाहते. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढत असल्याने वजाबाकीत तो नाहीसा होतो. कमी वेगात अशी तार सुमारे १,२०० मीटर जाऊ शकते आणि एकाच जोडीवर बत्तीस प्रमाणित यंत्रे बसविता येतात.

इतकी यंत्रे एका तारेवर असली म्हणजे कोणी केव्हा बोलावे, हा प्रश्न येतो. १९७९ साली मोडिकॉन या कंपनीने प्रसिद्ध केलेली ‘मॉडबस’ ही संभाषणपद्धती यासाठी सर्वत्र वापरली जाते. तीत सभेप्रमाणे एक अध्यक्ष असतो. तो क्रमांक उच्चारून एकेका यंत्रास प्रश्न विचारतो आणि ज्यास विचारले त्यानेच उत्तर द्यावयाचे असते.

तारापूर-बोईसर परिसराच्या दृष्टीने या तारांना सार्वजनिक महत्त्व आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी अशा १७ प्रवर्गांतील उद्योगांना आपले सांडपाणी व धूर यांचे अखंड मापन करून आकडे थेट मंडळांकडे पाठविणारी यंत्रणा बसविण्याचे निर्देश दिले. औषधनिर्मिती, रंगद्रव्ये, कीटकनाशके यांसारखे उद्योग या प्रवर्गांत येतात. सांडपाण्याच्या नळावरील मापकापासून नोंदयंत्रापर्यंतचा आकडा अशा यंत्रणेत पुष्कळदा आर.एस.–४८५ च्या पिळलेल्या जोडीवरूनच जातो. खाडीत व समुद्रात मासेमारी करणाऱ्या किनारी गावांसाठी त्या आकड्याची विश्वसनीयता किती मोलाची आहे, हे सांगावयास नको.

एक अंक गळाला तर

आता आपण पुन्हा पावसाकडे वळू. स्वयंचलित पर्जन्यमापकात मध्यावर टेकू दिलेली दोन कप्प्यांची एक चिमुकली बादली असते. एक कप्पा ठराविक पाण्याने भरला की बादली त्या बाजूस कलंडते, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा भरू लागतो. एका कलंडण्यास ०.२ मिलिमीटर पाऊस, असे माप पुष्कळ यंत्रांत असते. समजा, एका रात्रीत बादली ३२७ वेळा कलंडली. ३२७ गुणिले ०.२ म्हणजे ६५.४ मिलिमीटर. अतिवृष्टीची मर्यादा ओलांडली गेली.

आता अशी कल्पना करा की, तारेवर ३२७ मधील पहिला अंक गळाला आणि संगणकास केवळ २७ मिळाले. २७ गुणिले ०.२ म्हणजे ५.४ मिलिमीटर. वहीत ‘किरकोळ सरी’ अशी नोंद होईल. आकडा अशक्य नसल्याने कोणास शंकाही येणार नाही. असा अंक गळण्याची कारणे अगदी साधी असतात. संदेश अर्ध्यावर असताना संगणकाने ऐकण्यास सुरुवात केली, वीज कडाडून तारेवर गोंगाट झाला, किंवा ऐकणारी आज्ञावली दुसऱ्या कामात गुंतली आणि तिची साठवणीची जागा भरून वाहिली. सर्वसाधारण आर्डुइनो बोर्डात ही जागा अवघी ६४ बाइटांची असते.

यावर चार उपाय आहेत आणि ते शालेय विद्यार्थ्यांच्याही आवाक्यातील आहेत.

पहिला उपाय म्हणजे संदेशास ठरीव आरंभचिन्ह व अंतचिन्ह द्यावे. ही दोन्ही चिन्हे मिळाल्याखेरीज संगणकाने आकडा स्वीकारू नये.

दुसरा उपाय ताळ्याचा. ३२७ मधील अंकांची बेरीज १२ होते. ती संदेशाच्या शेवटी पाठवावी. संगणकास २७ आणि १२ मिळाले तर २ अधिक ७ म्हणजे ९, ताळा जुळत नाही, संदेश नाकारावा. मात्र ३२७ ऐवजी ३७२ आले तरी बेरीज १२ च राहते, हे या साध्या ताळ्याचे वैगुण्य होय. म्हणून मॉडबससारख्या पद्धतींत अंकांच्या स्थानाचाही विचार करणारा सोळा बिटांचा ताळा वापरतात.

तिसरा उपाय म्हणजे ‘आताच एकदा कलंडली’ असा संदेश न पाठविता ‘आजवर एकूण इतक्या वेळा कलंडली’ अशी चढती बेरीज पाठवावी. पहिल्या रीतीत एक संदेश हरवला की तितका पाऊस कायमचा हरवतो. दुसऱ्या रीतीत पुढचा संदेश येताच बेरीज आपोआप दुरुस्त होते.

चौथा उपाय या चढत्या बेरजेच्या रक्षणाचा. काही आर्डुइनो बोर्डांची रचना अशी आहे की, संगणकावर संदेश पाहण्याची खिडकी उघडताच बोर्ड नव्याने सुरू होतो. तेव्हा तात्पुरत्या स्मृतीतील बेरीज शून्यावर येते, आणि ऐन पावसात कोणी उत्सुकतेने खिडकी उघडली तर रात्रभराची नोंद पुसली जाते. यासाठी ठराविक वेळाने बेरीज बोर्डाच्या कायम स्मृतीत उतरवून ठेवावी.

शाळा आणि ग्रामपंचायतीचे कार्य

शिरगावसारख्या गावातील शाळेने असा पर्जन्यमापक तयार केला, तर त्याची नोंद शासकीय नोंदीची जागा घेऊ शकणार नाही, हे स्पष्टच आहे. परंतु त्याच्या शेजारी साधा पर्जन्यमापक ठेवून हवामान खात्याच्या प्रथेप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता दोन्ही आकडे एका वहीत लिहिले, तर वर्षभरात विद्यार्थ्यांना दोन गोष्टी कळतील : यंत्र किती विश्वासार्ह आहे, आणि ते कोणत्या परिस्थितीत चुकते. मंडळाच्या केंद्रातील आकड्याविषयी गावात शंका निर्माण झाली, तर तारीखवार वही पुढे करून रीतसर विचारणा करता येईल.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. नळपाणी योजनांत टाकीची पातळी, पाण्याचा प्रवाह आणि क्लोरीनचे प्रमाण मोजणारी मापके हळूहळू येत आहेत. ती विकत घेताना किंमत आणि हमीपत्र पाहिले जाते. संदेशवहनाची माहिती मात्र क्वचितच मागितली जाते. पुढे पुरवठादार बदलला की नव्या माणसास जुन्या यंत्राची भाषा ठाऊक नसते आणि चांगले यंत्र टाकून देण्याची पाळी येते. हे टाळण्यासाठी खरेदीच्या वेळीच एक पान लेखी मागून घ्यावे. त्यावर प्रमाणक कोणते, दाब किती, बॉड वेग किती, मजकुराचे बिट, समताबिट व अंतबिट किती, यंत्राचा क्रमांक कोणता, संदेशात कोणता आकडा कोठे असतो आणि ताळा कसा काढला जातो, इतकी माहिती असावी. हे पान पंचायतीच्या दप्तरात जपून ठेवल्यास यंत्र खऱ्या अर्थाने गावाच्या मालकीचे राहील.

जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्यासमोर पडद्यावर जो आकडा येतो, तो निश्चित आणि निर्विकार दिसतो. परंतु तो कोठल्यातरी छपरावरच्या, पावसात भिजणाऱ्या बादलीपासून निघून दोन बारीक तारांच्या आधाराने तेथवर आलेला असतो. त्या वाटेवर कोठे काय निसटू शकते, हे जाणणारी चार माणसे प्रत्येक गावात तयार झाली, तर मर्यादेच्या अलीकडे की पलीकडे, या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्यास अधिक विश्वासाने देता येईल. शाळांच्या कपाटांत पडून असलेले बोर्ड या कामी उपयोगी पडावेत, अशी अपेक्षा बाळगणे अनाठायी होणार नाही.